कावळ्याला दिलेला शब्द

कावळा शिवला नसता, तर महारुद्रचं म्हातारपण सुखात गेलं असतं.

एरवी लोक कावळा शिवला नाही म्हणून हवालदिल होतात. शिवला म्हणून ज्याच्या मागे साडेसाती लागली, असा माणूस अख्ख्या सोनपेठ तालुक्यात एकटा महारुद्रच.

त्याचं असं झालं. कार्तिकात बन्सीधर गेला. दहाव्याला गोदावरीच्या काठावर पिंड मांडला आणि तास उलटला तरी समोरच्या लिंबावरचे पाच कावळे खाली येईनात. मानपानावरून रुसलेले व्याही पंगतीकडे बघतात, तसे ते पिंडाकडे बघत होते. अशा वेळी काय करायचं हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि ते पुरं करण्याचा शब्द मोठ्यानं द्यायचा. थोरल्या भावानं हात जोडले, "बन्सी, धाकट्या पोरीचं बाळंतपण आमच्याकडं लागलं." कावळे ढिम्म. पुतण्या म्हणाला, "काका, बांधाचं भांडण मिटवून टाकतो." एका कावळ्यानं पाठच फिरवली. त्याला पुतण्या ठाऊक असावा.

ऊन चढलं. लोकांच्या पोटातले कावळे ओरडायला लागले, झाडावरचे मात्र गप्प. शेवटी मागे उभा असलेला महारुद्र पुढे आला. बन्सीधर आणि तो एका गल्लीत वाढलेले. महारुद्रच्या मनात फार काही नव्हतं. त्याला भूक लागली होती. तो म्हणाला, "बन्सीधर, तुझं ते लांबवर बोलायचं मशीन धूळ खात पडनार न्हाई. मी शिकतो. मी चालवतो."

वाक्य पुरं व्हायच्या आत एक कावळा सूर मारून खाली आला. त्यानं पिंडाला चोच लावली, आणि मान तिरकी करून महारुद्रकडे बघितलं. लोक म्हणतात तो भाताकडे बघत होता. महारुद्र शपथेवर सांगतो, माझ्याकडेच बघत होता. पावती घेतल्यासारखा.

तेराव्याचीही वाट न बघता सुमनबाईनं, म्हणजे बन्सीधरच्या बायकोनं, ते यंत्र गोधडीत गुंडाळून हातगाड्यावरून पाठवून दिलं. बरोबर निरोप: "भावजी, चाळीस वर्सं ही माझी सवत व्हती. आता तुमच्या घरी नांदवा."

महारुद्रची बायको मालनबाई दारातच आडवी आली. "आवं, मेलेल्या मानसाचं मशीन देवघराच्या भिंतीला नका लावू. अन आपल्या घरात मोकळी भिंत एकच हाय, ती देवघराची."

शेवटी ते माळवदाच्या जिन्याखाली, जिथं कांदे ठेवायचे, तिथं बसवलं. कांदे बाहेर गेले.

आता हे महारुद्र कोण, तर सोनपेठच्या बसस्टँडचे तीस वर्षांचे कंट्रोलर. अक्षरं त्याला उशिरा भेटली. चोविसाव्या वर्षापर्यंत तो स्टँडवर पोती उचलायचा आणि गाड्या त्यांच्या रंगावरून आणि ड्रायव्हरच्या मिशीवरून ओळखायचा. मग रात्रशाळेत गेला, पाट्या वाचायला लागला, परीक्षा दिल्या आणि एक दिवस माइकसमोर बसला. "सोनपेठहून सुटणारी परभणी गाडी, पोखर्णीमार्गे, फलाट क्रमांक दोनवर लागत आहे," असं तो म्हटला की निम्मा स्टँड उठून उभा राहायचा. आणि तो निवृत्त झाला त्या दिवसापासून त्याच्या सांगण्यावर घरातलं मांजरसुद्धा जागचं हाललं नव्हतं. तेव्हा माइक असलेलं यंत्र घरात आलं, याचा त्याला मनातून थोडा आनंद झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

आनंद दोन दिवस टिकला. यंत्राला चौपन्न बटणं होती, मी मोजलेली नाहीत, त्यानं मोजली होती. एक बटण दाबलं तर एक काम. तेच दाबून धरलं तर दुसरं. ते धरून शेजारचं दाबलं तर तिसरंच. वर एक मोठी चकती, ती फिरवली की आकडे पळायचे. आणि माहितीचं पुस्तक इंग्रजीत, पंचांगाएवढ्या बारीक टाइपात. महारुद्र बोट ठेवून एकेक अक्षर वाचायचा, जसं चोविसाव्या वर्षी वाचलं होतं. संध्याकाळपर्यंत एक पान व्हायचं आणि त्या पानावर एवढंच असायचं, की यंत्र पाण्यात बुडवू नये.

मदतीला सिद्धोधन सर आले. परभणीच्या एका कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत. बन्सीधर शेती विद्यापीठात नोकरीला होता तेव्हापासूनची त्यांची ओळख. या हौशी रेडिओचं लायसन त्यांच्याकडे होतं. मोटरसायकलवर तारेचं भेंडोळं घेऊन आले, आणि महारुद्रच्या माळवदावरच्या बांबूपासून तात्यारावांच्या अंगणातल्या लिंबापर्यंत वीस मीटर तार ओढली.

तात्याराव म्हणजे शेजारी आणि मारुतीच्या देवळातल्या हरिपाठाचे पुढारी. ते खाट टाकून बघत बसले.

"सर, ह्या तारेनं वीज पडती म्हनतेत."

"नाही पडत. उलट तिला रस्ता मिळतो."

"मंग रस्ता माझ्या लिंबावरून कामून काढला?"

दुसऱ्या दिवशी तात्यारावांच्या म्हशीनं दूध चोरलं. ते खातं आजतागायत महारुद्रच्या नावावर आहे.

जाताना सरांनी एक काम केलं. यंत्राचा माइक काढला आणि स्वतःच्या पिशवीत घातला. "कंट्रोलर साहेब, लायसन मिळेपर्यंत फक्त ऐकायचं. हवेत एक शब्द टाकायचा नाही. कायदा आहे."

"सर, मी कावळ्याला शब्द देलाय."

"कावळ्याचं आणि परीक्षेचं काही देणंघेणं नाही. पन्नास प्रश्न येतात, कावळ्यावर एकही नसतो." सरांचा कावळ्यावर विश्वास नव्हता. नियमावर मात्र दोघांचाही होता. मिनिटभर आधी सुटलेली गाडी महारुद्रनं तीस वर्षांत एकदाही माफ केली नव्हती. त्यामुळे माइक गेला तेव्हा त्याला वाईट वाटलं, पण बरोबरही वाटलं.

मग ऐकणं सुरू झालं.

ज्यानं हे ऐकलेलं नाही त्याला सांगतो. दिवेलागणीला ते यंत्र लावलं की आधी नुसता सूं सूं आवाज येतो. तो वाऱ्याचा नसतो, पाण्याचा नसतो. झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसल्यासारखं वाटतं. चकती हळू फिरवली की त्या सूंमधून कुणीतरी वर येतं, पाण्यात बुडालेल्यासारखं बोलतं आणि खाली जातं. कधी अरबी, कधी तमिळ, कधी नुसती टिकटिक, कुणीतरी बोटानं दार वाजवावं तशी. मालनबाई जिन्याच्या पायरीवर भाजी निवडायला बसायची. तिला भीती वाटायची आणि उठवतही नसायचं.

"एवढी मानसं बोलायलेत, अन एकबी दिसंना," ती म्हणायची. "मेल्यावर असंच आसतंय का हो?"

"मला काय ठावं?"

"बन्सीधर भावजींना ठावं."

यंत्राची एक खोड होती. चालू केलं की बन्सीधर शेवटी जिथं सोडून गेला होता, त्याच आकड्यावर उघडायचं. पहिले काही दिवस महारुद्र लगेच चकती फिरवायचा. माघात एकदा त्याच्या हातात चहाचा कप होता म्हणून चकती फिरवायची राहिली. घड्याळात सव्वासात झाले. सूं सूं थांबलं, आणि एका म्हाताऱ्या पुरुषाचा आवाज अगदी कानाशी आला.

"बन्सीधर. बन्सीधर. आहेस का?"

मग एक खोकला. मग मागे कुठंतरी कुकरच्या शिट्ट्या. मग बराच वेळ वाट बघितल्यासारखं काहीच नाही. आणि शेवटी, "बरं. उद्या."

चहा महारुद्रच्या धोतरावर सांडला होता. तो भाजला हे त्याला पाच मिनिटांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी सव्वासातला पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. तेच शब्द, तोच खोकला, तीच वाट बघणं. ना गाव सांगायचा, ना स्वतःचं नाव. महारुद्र माइकच्या रिकाम्या भोकाकडे बघत बसायचा. त्याचा जीव तुटायचा. कुणीतरी लांबवर एक म्हातारा रोज दिवा लावून आपल्या मित्राला हाक मारतोय. त्याला कुणी सांगितलेलं नाही. सर सांगू शकले असते, पण कावळ्याला शब्द महारुद्रनं दिला होता. ज्यानं सांगायला हवं असा जगात एकच माणूस आहे, आणि त्याच्याकडे लायसन नाही.

मालनबाईला दुसऱ्याच गोष्टीचं नवल होतं. "रोज तीनच शिट्ट्या. कमी न्हाई, जास्त न्हाई. घरची बाई लय शिस्तीची दिसती."

आतापर्यंत महारुद्र शब्द दिला म्हणून शिकत होता. आता त्याला घाई झाली. त्या म्हाताऱ्याला सांगायचं होतं, आणि तेही तो म्हातारा हाक मारत मारत संपून जायच्या आत.

पण सरकारी कागदाला माणसाची घाई कळत नाही. अर्ज मोबाइलवर भरायचा होता. त्यात जन्मतारीख विचारली. महारुद्रचा जन्म कुठल्यातरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, आणि रात्रशाळेच्या मास्तरांनी लिहिलेला एक जूनचा. एका कागदावर पोळा होता, दुसऱ्यावर जून. त्या दोघांचं जमवायला तीन चकरा झाल्या. मग चौकशीसाठी ठाण्यातून हवालदार घरी आले. चांगले माणूस होते. चहा घेतला, वही उघडली.

"कंट्रोलर, कुनाशी बोलनार तुमी या मशीनवर?"

"जो भेटंल त्याच्याशी."

"नाव सांगा की."

"भेटल्याबिगर नाव कसं कळंल?"

हवालदारांनी लिहिलं, 'अनोळखी इसम'. "बरं, काय बोलनार?"

"आपला आवाज कसा यायलाय ते इचारायचं."

"मंग?"

"मंग तो सांगतो. मंग तो इचारतो, त्याचा कसा यायलाय."

"अन मंग?"

"मंग झालं."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "अन एवढ्यासाठी लायसन लागतं? आमी घरी रोज एवढंच बोलताव, फुकट."

खरी आफत आली होळीच्या आदल्या दिवशी. सूं सूं फार वाढलं होतं. पुस्तकाच्या सत्तेचाळिसाव्या पानावर ते कमी करायचा उपाय होता. एक नंबरचं बटण दाबून धरायचं, असं महारुद्रनं बोट ठेवून वाचलं. पानाच्या शेवटी एक ओळ पुढच्या पानावर जात होती. पुढचं पान उद्याचं, असा त्याचा नेम. त्यानं बटण दाबून धरलं.

जिन्यावरचा बल्ब मंदावला. यंत्रावर कधी न पेटलेला लाल दिवा पेटला. आणि बन्सीधर बोलला.

बन्सीधरच. तोच घोगरा आवाज, तीच शेवटचा शब्द ओढायची सवय. आधी त्यानं आपली सरकारी खूण सांगितली, व्हीयू टू आणि पुढची तीन अक्षरं. मग म्हणाला, "बन्सीधर, सोनपेठ, जिल्हा परभणी. ऐकतोयऽ."

मालनबाईच्या मांडीवरची मेथी अंगणात गेली. मालनबाई मेथीच्या आधी गेली.

एवढ्यावर निभावलं असतं तर महारुद्रनं कुणाला कळू दिलं नसतं. पण त्याच वेळी मारुतीच्या देवळात हरिपाठ चालू होता. तार तिथून हाकेच्या अंतरावर. तात्याराव माइकपाशी डोळे मिटून उभे होते, आणि देवळाच्या भोंग्यातून अचानक बन्सीधर बोलायला लागला. तोही सरळ नाही, नाकातून. शब्द कळत नव्हते, लकब कळत होती. भूत नाकात बोलतं हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. टाळ जागच्या जागी थांबले. तात्यारावांच्या तोंडून पुढचा अभंग निघेना, मागचाही निघेना.

तेवढ्यात सव्वासात झाले. महारुद्र यंत्रासमोर घामानं भिजून बसला होता.

"बन्सीधर. बन्सीधर. आहेस का?" खोकला. शिट्ट्या. "बरं. उद्या."

आणि आजवर कधी झालं नव्हतं ते झालं. मिनिटभरानं तीच हाक पुन्हा आली. "बन्सीधर. बन्सीधर. आहेस का?"

महारुद्रनं यंत्र बंद केलं आणि वर कांद्याचं पोतं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी होळी पेटायच्या आधी गाव त्याच्या ओट्यावर जमलं. सल्ल्याला तोटा नव्हता. कुणी म्हणालं नारळ उतरवा. कुणी म्हणालं मशीन गोदावरीत सोडा. एकानं तर मशीनचाच दहावा घालायला सांगितला. तात्यारावांचा घसा अजून बसलेला होता. "कंट्रोलर, तुमी शब्द देला, बराबर. पन तुमी मशीन चालवायचा देलता. बन्सीधरला बोलवायचा न्हाई!"

तीस वर्षं ज्यानं गाव वेळेवर गाड्यांत बसवलं, त्याच्याकडे गाव देवऋषीकडे बघावं तसं बघत होतं. सुमनबाईही आल्या होत्या, कोपऱ्यात पदर तोंडाला लावून. सगळे गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "भावजी, काय म्हनले हे?"

"ऐकतोय म्हनले."

"जिते व्हते तवा कधी ऐकलं न्हाई," सुमनबाई म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आलं.

परभणीहून सर आले, त्यांनी अठ्ठेचाळिसावं पान उघडलं आणि कपाळाला हात लावला. यंत्रात माणसाचा आवाज भरून ठेवायची सोय होती. रोज रोज तेच ओरडून घसा दुखू नये म्हणून बन्सीधरनं आपली हाक एका बटणात भरून ठेवली होती. माइक नसला तरी ते बटण दाबलं की हाक हवेत जायची. भोंग्यात घुसली ती तारेच्या जवळिकीनं.

"म्हणजे भूत नाही," सर म्हणाले. "फक्त कायदा मोडलाय. मेलेल्या माणसाच्या खुणेनं तुम्ही हवेत बोललात."

महारुद्रला भूत परवडलं असतं. कारण तो रात्रभर दुसऱ्याच विचारात होता. लांबवरच्या त्या म्हाताऱ्यानं हे ऐकलं. म्हणून तर त्यानं दोनदा हाक मारली. इतके दिवस तो वाट बघत होता, ते वेगळं. आता त्याला वाटतंय बन्सीधर आहे. मेलेला माणूस महारुद्रनं आपल्या हातानं जिवंत केला होता, आणि आता त्याला पुन्हा मारायचं कामही त्याच्याच गळ्यात होतं.

त्यानंतर महारुद्रनं जसा अभ्यास केला तसा रात्रशाळेतही केला नव्हता. मालनबाई पोळ्या लाटता लाटता प्रश्न विचारायची, तिला उत्तर येत नसल्यामुळे तो जे सांगेल ते बरोबर धरलं जायचं. यात धोका होता. पण वैशाखात परीक्षा झाली, तिथं तो सोडून सगळे विशीतले होते. एकानं "आजोबा, नातवाला सोडायला आलात का?" असं विचारलं. आजोबा पास झाले. विचारणाऱ्याचं माहीत नाही.

लायसन श्रावणात आलं. सर स्वतः माइक घेऊन आले, यंत्राला लावला आणि म्हणाले, "आता बोला." आणि परभणीची गाडी चुकू नये म्हणून लगेच निघाले, कारण मोटरसायकल गॅरेजमध्ये होती आणि गाडीची वेळ महारुद्रनंच सांगितली होती.

संध्याकाळी महारुद्रनं आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला. जुन्या सवयीनं नोंदवही उघडली, रकाने आखले: ठिकाण, वेळ, शेरा. मालनबाई पायरीवर, हातात भाजी नाही. सुमनबाईंनाही बोलावलं होतं. त्या दारापर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या.

सव्वासात.

"बन्सीधर. बन्सीधर. आहेस का?" खोकला. एक शिट्टी, दोन, तीन. "बरं. उद्या."

महारुद्रनं माइक उचलला. पाठ केलेलं सगळं पार विसरला. फक्त आपली खूण तेवढी कशीबशी सांगितली. मग म्हणाला, "दादा, ऐका. मी महारुद्र, सोनपेठहून. बन्सीधर न्हाई आता. कार्तिकातच गेले. होळीच्या टायमाला तुमी ऐकलं, तो नुसता आवाज व्हता, बटनातला. माझी चूक झाली. माफी असावी." बटण सोडलं.

सूं सूं. बराच वेळ. मग खट्ट आवाज झाला आणि एका बाईचा आवाज आला. म्हातारा, घाबरलेला.

"आमचे हेबी न्हाईत हो."

महारुद्रच्या हातून माइक निसटला तो मालनबाईनं झेलला.

ती कुसुमबाई होती. रडत, थांबत, मधेच बटण सोडून, मधेच दाबून तिनं सांगितलं. तिचे मालक आबासाहेब. बन्सीधरशी त्यांचं रोज सव्वासातला बोलणं. फोन करायचा नाही, अशी दोघांची पैज होती, फोनवर कुणीही बोलतं. कार्तिकात बन्सीधर गप्प झाला. आबासाहेब अंथरुणाला खिळले होते, रोज ओरडायची ताकद नव्हती, म्हणून त्यांनी एकदाच हाक भरून ठेवली आणि बाजेवरून बटण दाबत राहिले. मार्गशीर्षात तेही गेले.

"दहाव्याला कावळा शिवंना," कुसुमबाई म्हणाली. "सगळं म्हनून झालं. शेवटी मी म्हनले, तुमची हाक मी बंद पडू द्यायची न्हाई. तवा आला. मला दोनच बटनं येतेत. एक हे बोलायचं, अन एक त्यांचं. होळीला बन्सीधर भावजी बोलले, मला वाटलं, हाय मानूस! म्हनून पुन्हा दाबलं."

मालनबाईनं कपाळावर हात मारला. "तरीच! कुकर रोज एकच व्हता!"

महारुद्रनं घसा साफ केला. अरबस्तान, लंका, काय काय त्याच्या मनात येऊन गेलं होतं. "बाई, तुमी बोलायलाव कुठून?"

"पोखर्णीहून."

"नरसिंहाची पोखर्णी?"

"दुसरी कुठली हाय?"

तीस वर्षं तो ते नाव दिवसातून चारदा माइकवर घेत होता. तिकडं जाणारी गाडी सकाळी त्याच्या दारावरून जायची.

आता नियमानं बघितलं तर महारुद्रनं या बाईला तिथंच थांबवायला हवं होतं. तिच्याकडे लायसन नव्हतं. तसं त्यानं सांगितलंही, पण आवाजात दम नव्हता. तिकडून तिनं विचारलं, "मंग उद्यापासून दाबू का नको? घेनारा न्हाई म्हनल्यावर हाक कुनाला मारायची? अन न्हाई दाबलं तर मी देलेला शब्द?"

दारातून सुमनबाईंचा आवाज आला, "भावजी, त्यास्नी म्हना, एकदा दाबा. ह्यांचंबी तुमी दाबा. त्यांचं त्यास्नी बोलू द्या."

मेलेल्याच्या खुणेनं बोलायचं नाही, हा नियम त्यानं परीक्षेत बरोबर लिहिला होता. दोन गुणांना होता. त्यानं डोळे मिटले, आणि तीस वर्षांत पहिल्यांदा एक गाडी नियमाबाहेर सोडली. "दाबा बाई," तो म्हणाला. "तुमचं झालं की मी दाबतो."

सूं सूं थांबलं.

"बन्सीधर. बन्सीधर. आहेस का?"

खोकला. एक शिट्टी. दोन. तीन.

माघापासून ऐकलेली हाक. पुढे काय येतं ते तिघांनाही ठाऊक होतं. तिघांनी वाट बघितली.

आलं नाही. नुसता तो सूं, उशाशी बसल्यासारखा.

महारुद्रचं बोट आपोआप बटणावर गेलं. बल्ब मंदावला. "बन्सीधर, सोनपेठ, जिल्हा परभणी," बन्सीधर म्हणाला. "ऐकतोयऽ." बल्ब पुन्हा उजळला.

महारुद्रनं माइक घेतला. "बाई, शेवटचं 'बरं, उद्या' तुमी कामून तोडलं?"

कुसुमबाई अगदी हळू म्हणाली, "मी न्हाई तोडलं. मी तुमाला म्हनले ना, मला दोनच बटनं येतेत."

सर म्हणाले असते, यंत्र आहे, होतं असं. पण सर परभणीच्या गाडीत होते. महारुद्रनं वही ओढली. ठिकाण लिहिलं, पोखर्णी. वेळ लिहिली. शेऱ्याच्या रकान्यावर पेन टेकलं आणि तिथंच राहिलं. तीस वर्षांत त्याचा शेरा कधी कोरा गेला नव्हता.

दारात सुमनबाई पदर डोक्यावर घेऊन उभ्या होत्या, नवरा कुणाशी तरी बोलत असताना बाई दाराबाहेर थांबते, तशा. मालनबाई पायरीवरून उठली. यंत्र बंद करायला गेलेला महारुद्रचा हात तिनं धरला.

"ऱ्हाऊ द्या चालू," ती म्हणाली. "तितं लिवा, बोलायलेत. अन उठा जेवायला."